चतुर्दशीच्या भरतीची रेषा

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चार मित्र चार मोटरसायकलींवरून पुण्याहून निघालो, कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे तेरेखोलपर्यंत गेलो आणि आंबोलीमार्गे परत आलो. नऊ दिवस, आठ रात्री आणि सुमारे १,१०० किलोमीटर असा हा प्रवास होता. आठपैकी साडेसात रात्री आम्ही तंबूत काढल्या. उरलेली अर्धी रात्र कुठे गेली, ते पुढे येईलच. चौघेही शाळेपासूनचे मित्र आणि चाळिशी ओलांडलेले. एक गणिताचा शिक्षक, त्याला आम्ही मास्तर म्हणतो, एक वकील, तिसऱ्याला आठवीत चष्मा लागल्यापासून तात्या हे नाव चिकटले आहे, आणि चौथा मी, बँकेत काम करणारा. गाडीवरून लांबचे प्रवास सर्वांनी केले होते. पण मुक्कामाचे सगळे घर गाडीवर लादून कोणीच कधी निघाले नव्हते.

तयारीला दोन महिने लागले आणि त्यातला बहुतेक वेळ खरेदीत गेला, ही पहिली चूक. चौघांकडे मिळून दोन तंबू, झोपायच्या पिशव्या आणि खाली अंथरायच्या चटया एवढे पुरेसे होते. तरी घडीच्या चार खुर्च्या आल्या, घडीचे टेबल आले, मासे भाजण्यासाठी लोखंडी जाळीचा स्टँड आला, तीन लिटरचा कुकर आला आणि गाणी ऐकण्यासाठी स्पीकरही आला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर सगळे सामान चढवले, तेव्हा माझ्या एकट्याच्या वाट्याला ३१ किलो आले. दुकानदाराने काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले आणि तांदळाचे पोते तिशीचे असते एवढेच सांगितले.

सामान कसे बांधायचे हे मात्र आम्ही चांगल्या गुरूकडून शिकलो होतो. आमच्या गल्लीतला दूधवाला मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या बांधतो, त्यासाठी तो जुनी ट्यूब उभी कापून काढलेल्या रबरी पट्ट्या वापरतो. आकड्यांचे रंगीत लवचीक दोर दिसायला छान असतात, पण खड्ड्यात सामान उसळले की आकडा निसटतो आणि दोर चाकात जाण्याची भीती राहते. ट्यूबची पट्टी ताणून दोन फेरे मारले आणि टोक त्याच फेऱ्याखाली खोचले की ती दिवसभर हलत नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे चालवणाऱ्याच्या कंबरेच्या जितक्या जवळ येतील तितक्या ठेवायच्या. कॅरियरच्या मागच्या टोकाला हलके सामानच टाकायचे, नाहीतर चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकत नाही. ताम्हिणी घाटाच्या पहिल्याच वळणांवर वकिलाला याचा प्रत्यय आला, कारण त्याने कुकर मागच्या टोकाला बांधला होता. चहाच्या टपरीवर उतरून त्याने कुकर काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवला आणि माणगावपर्यंत तो पोटाशी धरल्यासारखा नेला.

१० जानेवारीला, पुत्रदा एकादशीच्या पहाटे, आम्ही पुणे सोडले होते. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे करत दुपारी दिवेआगरला पोहोचलो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. आता नव्या रोपांची उंची माणसाच्या वर गेली असली, तरी मधली रिकामी आभाळे लगेच ओळखू येतात. त्या रात्री ओळखीच्या एका वाडीत, मालकांच्या परवानगीने, तंबू लागले. मी माझा तंबू एका डौलदार माडाच्या बुंध्याशी मांडत होतो, तेव्हा घरातल्या आजींनी ओट्यावरूनच हाक मारली आणि माडाखाली कोणी झोपते का, असे विचारले. वर पाहिले तर नारळांचा घड बरोबर माझ्या उशीच्या रेषेत होता. तंबू पंधरा पावले सरकवला. रात्री दोनदा धप्प असा आवाज आला आणि दोन्ही वेळा मी मनातल्या मनात आजींना नमस्कार केला.

पहिल्या सकाळी आणखी एक धडा मिळाला. जानेवारीत किनाऱ्यावर थंडी बेताची, पण दव भरपूर पडते; आम्ही वारा लागू नये म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या होत्या, त्यामुळे आमच्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमली आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडू लागले. दुसऱ्या रात्रीपासून वरच्या बाजूच्या जाळ्या उघड्या ठेवल्या. तंबूचे तोंड कोणीकडे करायचे, हेही तिथेच ठरले. दिवसभर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा असतो, पण मध्यरात्रीनंतर तो फिरतो आणि जमिनीकडून मतलई वारा सुटतो. संध्याकाळी वाऱ्याकडे पाठ करून लावलेल्या तंबूत पहाटे वारा थेट दारातून घुसतो. म्हणून दार किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवायचे. ही गोष्ट शाळेच्या भूगोलात शिकलो होतो आणि तिचा उपयोग व्हायला तीस वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडली. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ मध्ये अशी वाहने नेणारी बोट सुरू झाली आणि त्यानंतर एकेका खाडीवर ती येत गेल्याने किनारा धरून दक्षिणेला जाणे सोपे झाले. नाहीतर प्रत्येक खाडीला वळसा घालून महामार्गापर्यंत आत यावे लागे. भरलेल्या मोटरसायकलीला मात्र ही बोट म्हणजे परीक्षाच असते. ओहोटीला पाणी खाली गेलेले असले की धक्क्याचा उतार लांब होतो, त्यावर गाळाचा आणि शेवाळाचा पातळ थर असतो आणि शेवटी बोटीची लोखंडी फळी ओली असते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी घसरलीच. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, फक्त मागच्या ब्रेकवर उतरायचे आणि फळीवर थांबायचे नाही, हे बोटीवरच्या खलाशाने ओरडून सांगितले आणि ते पुढच्या प्रत्येक खाडीला उपयोगी पडले.

वेसवीपासून वेळास जवळच आहे. तिथल्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा तात्याचा फार दिवसांचा बेत होता, पण चहा देणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे नकार दिला. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री त्या वाळूत अंडी घालायला येतात. माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला की मादी पाण्यातूनच परत फिरते आणि दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. आमच्याकडे चार बॅटऱ्या आणि शेकोटीचा उत्साह होता. आम्ही निमूटपणे केळशीला जाऊन एका घराच्या अंगणात मुक्काम केला. तात्या जेवण होईपर्यंत फारसा बोलला नाही. मला स्वतःला तो नकार मनापासून पटला. किनारा मोकळा दिसतो म्हणजे तो रिकामा असतो असे नाही.

१२ जानेवारी, तिसरा दिवस. केळशीहून आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळला आलो, खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि गुहागरमार्गे संध्याकाळी पाचच्या सुमारास वेळणेश्वरला पोहोचलो. समुद्र लांब गेला होता आणि समोर रुंद, सपाट, घट्ट वाळू पसरली होती. तीन दिवसांत प्रथमच आम्हाला हवा तसा किनारा मिळाला होता. गाड्या वर रस्त्यालगत उभ्या केल्या. साइड स्टँड रुतू नये म्हणून प्रत्येकाखाली चपटा दगड ठेवला. तंबू मात्र वाळूवर नेले. आम्ही अगदीच बेफिकीर नव्हतो, हे नमूद करायला हवे. सकाळच्या भरतीचे पाणी कुठपर्यंत आले होते ते वाळूच्या गुळगुळीत पट्ट्यावरून स्पष्ट दिसत होते; त्या रेषेच्या वर दहा पावले मोजून आम्ही जागा ठरवली. त्याच्याही वर, सुरूच्या झाडांच्या जवळ, आणखी एक रेषा होती. तिच्यात वाळलेले शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, सुरूच्या काड्या, एक तुटकी चप्पल असे काहीबाही होते. तो आम्हाला कचरा वाटला.

खुंट्यांचा प्रश्न तिथे पहिल्यांदा आला. जमिनीसाठी बनवलेल्या बारीक लोखंडी खुंट्या कोरड्या वाळूत दोन बोटांनी उपटल्या जात होत्या. जाळे विणत बसलेले एक वयस्कर कोळी थोडा वेळ आमची गंमत पाहत होते. मग ते उठले, नारळाची दोन सोडणे, म्हणजे वरची काथ्याची सालपटे, उचलून आणली, तंबूचा दोर त्यांच्याभोवती गुंडाळला, हातभर खोल खड्डा करून ती आडवी पुरली आणि वर वाळू दाबून पायाने घट्ट केली. वकिलाने दोर ओढून पाहिला, तो तसूभरही हलला नाही. निघताना त्यांनी विचारले, "हितंच झोपनार काय?" आम्ही होकार दिला. ते समुद्राकडे पाहत म्हणाले, "आज चवदस हाय." आम्हाला वाटले, चांदण्याचे कौतुक करत आहेत. मास्तर म्हणाला, "हो ना, काय सुंदर चंद्र आहे."

रात्री साडेदहाच्या सुमारास तात्याने मला हलवले. आवाज जवळ आल्यासारखा वाटतो, असे तो म्हणाला. मी त्याला झोप म्हणालो. त्यानंतर पाच मिनिटांत तंबूच्या तळाखालून काहीतरी थंड सरकत गेले, कापड क्षणभर फुगले आणि पायाकडची वाळू निसटल्याचे जाणवले. बाहेर आलो तेव्हा चंद्रप्रकाशात घोट्याइतके पाणी मागे जात होते आणि तात्याचा एक बूट त्याच्याबरोबर जात होता. पुढची लाट यायच्या आत झोपायच्या पिशव्या बाहेर ओढायला हव्या होत्या. दुसऱ्या तंबूतल्या दोघांना उठवण्यात मौल्यवान मिनिट गेले, कारण मास्तर झोपेत तोंडी उदाहरण सोडवत असल्यासारखा पुटपुटत राहिला. पिशव्या, कपडे, फोन आम्ही काखोटीला मारून वर पळालो. तंबू सोडवायला परत आलो, तर पुरलेली सोडणे निघता निघेनात. शेवटी दोर कापावे लागले. एवढ्या गडबडीतही ती बांधणी किती पक्की होती याचे मला कौतुक वाटले.

ते कोळीबाबा बॅटरी घेऊन वर उभेच होते. त्यांनी रागावलेही नाही आणि हसलेही नाहीत. आपल्या घराच्या पडवीत आम्हाला नेले, चटया दिल्या आणि त्यांच्या घरातल्या मावशींनी त्या वेळी उठून चहा केला. आठपैकी अर्धी रात्र तंबूबाहेर गेली ती ही.

सकाळी त्यांनी आम्हाला समुद्राचे गणित शिकवले. चालू पक्षातली तिथी घ्यायची, तिला तिनांनी गुणायचे आणि चारांनी भागायचे. येणारे उत्तर म्हणजे भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे आम्ही पाच वाजता पाहिला तो किनारा त्याच्या सर्वांत मोठ्या रूपात होता. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते खाली जाते, म्हणूनच आदल्या संध्याकाळी वाळू एवढी रुंद दिसली होती. आणि ज्या गोष्टीने आम्हाला खरे फसवले तीही त्यांनी सांगितली. हिवाळ्यातल्या उधाणात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. सकाळच्या गुळगुळीत रेषेवर विश्वास ठेवायचा नसतो. कचऱ्याची रेषा हीच समुद्राची खरी हद्द. मास्तरच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचितच पाहिला आहे. त्याने तिथेच हिशेब केला की एका तिथीला पाऊण तास म्हणजे भरती रोज ४५ मिनिटे पुढे जाते, प्रत्यक्षात हा फरक साधारण ५० मिनिटांचा असतो, आणि एवढ्या सोप्या अपूर्णांकात चंद्राची चाल बसवणाऱ्याला आपण शंभरपैकी पंचाण्णव गुण दिले असते.

मावशींच्या विहिरीवर आम्ही तंबू गोड्या पाण्याने तीनदा धुतले. खारे पाणी आणि बारीक वाळू तंबूच्या दाराच्या चेनच्या दातांत बसली की चेन कायमची अडते, त्यामुळे जुन्या दातघासणीने एकेक दात साफ करावा लागला. पाण्यात बुडालेले सामान मोजताना लक्षात आले की आम्ही वाचवायला धावलो त्या सगळ्या वस्तू मिळून दहा किलोंच्या आत होत्या. खुर्च्या, टेबल आणि जाळी कोणाच्या लक्षातसुद्धा आली नव्हती. त्या पाण्यात जशाच्या तशा उभ्या होत्या आणि दुर्दैवाने वाहून गेल्या नाहीत.

तवसाळहून जयगडला बोटीने उतरलो आणि गणपतीपुळ्याच्या अलीकडे मास्तरच्या मागच्या चाकात खिळा गेला. त्याच्या गाडीला आऱ्यांची चाके आणि आत ट्यूब आहे. माझ्या ट्यूबलेस टायरला बाहेरून रबरी वात खुपसून भागते. ट्यूबच्या टायरला चाक काढावेच लागते. चाक काढायचे तर गाडी मधल्या स्टँडवर चढवायची आणि ओझ्यासकट ती चढत नाही. म्हणून सकाळी दोन तास घालून बांधलेले सगळे सामान रस्त्याच्या कडेला उतरवले. आमच्याकडे नवी ट्यूब, टायर सोडवायचे दोन लोखंडी लिव्हर आणि पायपंप होता, अनुभव नव्हता. पहिली नवी ट्यूब बसवताना लिव्हरखाली चिमटली आणि तिलाच भोक पडले. दुसऱ्या वेळी ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटत नाही, आणि टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावले. दीड तास लागला. त्या दीड तासात कुकर, टेबल आणि चार खुर्च्या उन्हात रांगेने मांडलेल्या पाहून एक गाडी थांबली आणि आतल्या काकांनी जेवणाची थाळी केवढ्याला, अशी चौकशी केली.

वकिलाने त्यानंतर काही न बोलता रत्नागिरीपर्यंत गाडी चालवली आणि थेट बसस्थानकावर नेऊन थांबवली. खुर्च्या, टेबल, जाळी, कुकर, स्पीकर आणि जोडीदार हरवलेला तात्याचा उरलेला बूट असे २२ किलोंचे गाठोडे पोत्यात शिवून आम्ही एसटीच्या पार्सलने पुण्याला पाठवले. भाट्याचा पूल ओलांडताना गाडी वळणात अशी सहज झुकली की मला हँडल बदलल्यासारखे वाटले.

त्यापुढचा प्रवास सुरळीत झाला, म्हणून त्याबद्दल थोडकेच लिहितो. आंबोळगडला जांभ्याच्या कातळावर खुंटी मुळीच शिरत नव्हती, तिथे दोर मोठ्या चिऱ्यांना बांधले. संक्रांतीच्या दिवशी कुणकेश्वरच्या वाटेवर पेट्रोलसाठी थांबलो असता पंपावरच्या ताईंनी आम्हा चौघांच्या हातमोज्यांवरच तिळगूळ ठेवला. देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहिलो. तिथे "खंयसून इलात?" या प्रश्नाला पुणे हे उत्तर दिल्यावर समोरच्याने गाडीकडे पाहून, सामान एवढेच का, असे आश्चर्याने विचारले. तो संपूर्ण प्रवासातला माझा सर्वांत अभिमानाचा क्षण होता. शिरोड्याला, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तिथे आम्ही पाण्यापासून इतक्या दूर तंबू लावले की तात्याने समुद्र दाखवायला गाडी काढू का म्हणून विचारले. आता रोज दुपारी चारला गाड्या थांबत, मास्तर तिथीला पाऊणने गुणत असे, कचऱ्याची रेषा शोधली जाई, जागेच्या मालकांना विचारले जाई आणि अंधार पडायच्या आत भात शिजलेला असे. पहिल्या तीन दिवसांत आम्ही जे किलोमीटर मोजत होतो, ते मोजणे कधी बंद झाले ते आठवत नाही.

तेरेखोलच्या किल्ल्यापाशी खाडीपलीकडची केरीची वाळू पाहून आम्ही परत फिरलो. शेवटची रात्र आंबोलीला काढली. सुमारे ६९० मीटर उंचीवर जानेवारीची थंडी किनाऱ्यासारखी मवाळ नसते आणि अंगावर सगळे कपडे घालून झोपावे लागले. १८ तारखेच्या रात्री पुण्यात पोहोचलो.

पार्सल आमच्या आधीच आले होते. कोणी आणायचे यावर चौघांत बरीच चर्चा झाली आणि शेवटी तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून ते स्वारगेटहून घरी आणले. घरी पोते उघडले, तेव्हा मासे भाजायची जाळी अजून दुकानाच्या प्लॅस्टिकमध्येच होती, फक्त त्या प्लॅस्टिकच्या आत वेळणेश्वरची थोडी वाळू शिरलेली होती.